छत्तीसचा आकडा

लग्नाला बारा वर्षं झाली तरी अच्युत खासगीवाल्याला आपल्या बायकोचा हेवा वाटावा असं काही घडलंच नव्हतं. घरात तो मोठा, शिक्षणात तो मोठा, हुद्द्यात तो मोठा. सुमन आयटीआय झालेली. लग्नाआधी स्नेहलतागंजात एका रेडिओवाल्याकडे तारा जोडायला जायची. अच्युत बी.एस्सी., इंदूरबाहेरच्या एका सरकारी संशोधन केंद्रात वैज्ञानिक सहायक. आजोबा होळकरांच्या खासगी दफ्तरात होते, म्हणून आडनावापासूनच अक्षराची आणि आकड्याची ऐट. सत्त्याऐंशी साली केंद्रात कारागिरांची भरती निघाली तेव्हा सुमनचा अर्ज त्यानेच भरला होता, वळणदार अक्षरात, आणि ती लागली तेव्हा सुदामा नगरच्या अर्ध्या गल्लीत पेढेही त्यानेच वाटले होते.

दोघांचं काम एकाच शेडमध्ये होतं. तिथे चुंबकांची वेटोळी गुंडाळली जात. ही तार साधी नव्हे. द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर बुडवली की विजेला होणारा तिच्यातला विरोध साफ नाहीसा होतो. शंभर अँपिअर सोडा, तार कोमटसुद्धा होत नाही. पण मोठं वेटोळं एका तारेत होत नाही. तुकडे जोडावे लागतात, आणि जोडलं तिथे कथलाचं सोल्डर आलं, सोल्डर आलं तिथे कणभर विरोध आला. त्या कणभराच्या उष्णतेनेसुद्धा हेलियम उकळतो, आणि हेलियम म्हणजे तिथे तुपापेक्षा जपून वाढायची वस्तू. म्हणून प्रत्येक सांध्याचा विरोध मोजायचा, एका ओमच्या अब्जाव्या भागात. त्याला नॅनो-ओम म्हणत. वीसच्या आत आला तर सांधा पास.

चार वर्षं हे सांधे अच्युतच करत होता. पहिला साठचा आला होता. तारा घासण्याची रीत बदल, सोल्डरआधी लावायचा फ्लक्स बदल, तापमान बदल, असं करत करत त्याने तो अठरावर आणला. शेडमध्ये त्याला ‘खासगीवाल्यांचा सांधा’ म्हणायचे. बाहेरचे पाहुणे आले की शेडचे प्रमुख जयसिंगराव लांभाते त्यांना मुद्दाम अच्युतच्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, “ह्यांचा हात बघा.” अच्युत मान खाली घालून उभा राही, आणि ते वाक्य घरी जाईपर्यंत त्याच्या कानात गोड वाजत राही.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात नवं वेटोळं सांध्यांपर्यंत आलं आणि जयसिंगराव म्हणाले, “अच्युत, एकट्यावर लोड नको. सुमनताईंनाही शिकव.”

त्याने शिकवलं. मनापासून शिकवलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सुमनने आठवडाभर पाहिलं आणि मग एक दिवस म्हणाली, “अहो, एक विचारू? आपण तारा शेजारी ठेवून वरून सोल्डर देतो. त्यापेक्षा दोघींना आधी घट्ट दाबून धरलं तर? मधे सोल्डर जितकं पातळ तितका विरोध कमी ना?”

“दाबलं की तार सरकते.”

“सरकू नये असं काही करून बघू का?”

“बघ,” तो म्हणाला. लहान मुलाला म्हणावं तसं.

तिने तांब्याचा एक चिमटा घासून घेतला, त्यात तारेच्या जाडीची खाच पाडली, तारा त्यात बसवल्या, आणि सोल्डर थिजेपर्यंत श्वाससुद्धा हळू घेत बसली. नमुन्याचा सांधा हेलियममध्ये उतरवला. मोजणी अच्युतनेच केली.

सहा आला.

त्याने पुन्हा मोजला. सहा. हेलियमचं यंत्र चालवणारा उदयसिंह त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. “अरे भिया! सहा? कमाल करून राहिल्या वहिनी!” त्याने शेडभर आरोळी दिली. लोक जमले. जयसिंगराव आले, आकडा बघितला आणि सुमनकडे वळून म्हणाले, “ह्यांचा हात बघा.”

तेच वाक्य. अच्युत हसला, त्याने सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. पण छातीत काहीतरी आंबट उतरलं ते उतरलंच.

घरी आल्यावर त्याची आई द्वारकाबाई म्हणाली, “सुमन सांगून राहिली, तुझ्याहून छान झालं म्हणे तिचं काम?”

“मी असं नाही म्हटलं, आई,” सुमन घाईने म्हणाली. “ह्यांनीच शिकवलंय सगळं.”

तिने असं सावरून घेतलं ते त्याला जास्त लागलं. त्या दिवसापासून त्याला नको ते दिसू लागलं. ती पोळी लाटताना बोटं कशी सहज फिरतात ते दिसे. स्कूटरवर मागे बसून ती गुणगुणली की वाटे, ही त्या सहावर खूश आहे. शेडमध्ये कुणी “सुमनताई, जरा बघता का?” अशी हाक मारली की तो हातातलं काम थांबवून ऐकत राही. चार वर्षांत साठाचे अठरा केले, एकेक नॅनो-ओम घामाने उतरवला, आणि ही आली नि चिमट्याने सहा करून बसली! तिला तर सहा म्हणजे काय हेसुद्धा नीट ठाऊक नाही, असं तो मनाशी म्हणे. तिला ते चांगलं ठाऊक आहे, हेही त्याला कळत होतं.

नव्या वेटोळ्यात तीन सांधे होते. जयसिंगरावांनी दोन अच्युतला दिले आणि मधला, सगळ्यात अडचणीचा, सुमनला दिला. चुंबकाच्या ओढीत तार हलू नये म्हणून सांधे झाल्यावर ते रेझिनमध्ये, दगडासारख्या घट्ट होणाऱ्या राळेत, गाडले. एकदा गाडलेला सांधा उकलता येत नाही. काढायचाच झाला तर कापावा लागतो. आणि मधल्या सांध्याला वेटोळ्यातून बाहेर आलेली तार जेमतेम दोन विती होती.

चाचणी फेब्रुवारीतल्या एका सकाळी होती. मोठ्या थर्मासमध्ये वेटोळं उतरलं, उदयसिंहाने हेलियम भरला, झाकणाभोवती पांढरा धूर लोळू लागला. सुमन त्या दिवशी नव्हती; सासूला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून रजेवर होती. मीटरसमोर अच्युत एकटाच.

या मोजणीची एक रीत होती. मीटरच्या तारा वर खोलीत आणि खाली अतिशीत हेलियममध्ये, त्यामुळे त्या तारांतच थोडा वीजदाब आपोआप तयार होतो. तो सांध्याचा नव्हे. म्हणून करंट आधी एका दिशेने सोडायचा, वाचन घ्यायचं. मग उलट्या दिशेने सोडायचा, वाचन घ्यायचं. वजाबाकी करून निम्मं करायचं. फसवा दाब त्यात कटून जातो, उरतो तो सांधा. ही रीत अच्युतनेच शेडला घालून दिली होती.

पहिला सांधा, त्याचा स्वतःचा. सुलटा, उलटा. अठरा. तिसरा, तोही त्याचाच. सुलटा, उलटा. सतरा. मग त्याने बटण फिरवून मधला लावला आणि सुलटा करंट सोडला. मीटरवर साडेतीन मायक्रोव्होल्टच्या वर आकडा थांबला. शंभर अँपिअरला भागलं तर छत्तीस नॅनो-ओम.

त्याला एका क्षणात कळलं की हे छत्तीस नाहीत. पहिल्या दोन सांध्यांनाही सुलट्या बाजूने असाच फुगीर आकडा आला होता आणि उलट्याने तो उतरला होता. आता करंट उलटवायचा, पाच मिनिटं थांबायचं, की सहा-सात दिसणार. तो हात पुढे करून बसला.

“भिया, जल्दी करा हां,” उदयसिंह ओरडला. “लेव्हल खाली येऊन राहिली!”

लेव्हल खाली येत होती हे खरं. पण पाच मिनिटं पुरेल इतका हेलियम होता, हेही खरं. अच्युतने हात मागे घेतला. रजिस्टर ओढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: सांधा क्रमांक दोन, छत्तीस. खोटं काय लिहिलं? मीटरने दाखवलं ते लिहिलं. असं मनाशी म्हणत त्याने खाली सही केली. सही करताना त्याला बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा पोटातून बरं वाटलं.

जयसिंगरावांनी आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरेरे. बिचाऱ्या सुमनताई. नमुना साधणं वेगळं, खऱ्या वेटोळ्यावर वेगळं पडतं, नाही का?”

“हो, सर,” अच्युत म्हणाला.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं. सुमन भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“छत्तीस?”

“छत्तीस.”

मग तिने विचारलं, “उलटा करंट घेतला होतात ना?”

तिने सहज विचारलं होतं, संशयाने नाही. शाळेत शिकवलेलं आपल्याला नीट आठवतंय ना, एवढंच तपासावं तसं. इथे त्याला बोलता आलं असतं. हेलियम संपत आला होता, राहून गेलं, उद्या घेऊ, असं म्हणून तो मोकळा झाला असता.

“घेतला की,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सांधा करवतीने कापला. तो बाहेर आलेला तुकडा जयसिंगरावांनी सुमनला दिला, खोट कुठे आहे ते शोधा म्हणून. वेटोळ्याशी आता वीतभर तार उरली होती. आणखी एकदा चुकलं तर आठ महिन्यांचं वेटोळं भंगारात जाणार होतं.

सुमनने तुकड्याच्या टोकाची एक चकती कापली, ती घासून आरशासारखी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दोन दिवस ती त्यावर वाकून होती. कुठे पोकळी नाही, कुठे जाड थर नाही. “सोल्डर एकसारखं आहे हो,” ती रात्री जेवताना म्हणाली. “मग छत्तीस कुठून आले? माझा हात हलला असणार. मला कळलासुद्धा नाही.” ती आपला उजवा हात उताणा करून बघत होती, चिमटा धरायचं बोट आणि अंगठा जवळ आणून ते थरथरतात का ते पाहत होती. अच्युतने वरण वाढून घेतलं. त्याला त्या हाताची दया आली, आणि दया येते आहे याचंही त्याला थोडं सुख वाटलं. बायकोची कीव करता येणं त्याला किती दिवसांनी मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने जयसिंगरावांना सांगितलं, “सर, आता तार कमी आहे. हा सांधा ह्यांनाच करू द्या. मला भरवसा वाटत नाही.”

जयसिंगरावांनी लगेच मान्य केलं. अच्युतला हवं होतं ते सगळं चालत त्याच्या टेबलावर आलं. कोणी काही हिसकावून घेतलं नव्हतं; तिनेच आणून दिलं होतं.

तो सरावाला बसला. वीतभर तारेत वीतभरच सांधा. तारा जितक्या कमी लांबीने एकमेकींना चिकटणार तितका विरोध चढणार. त्याने आपल्या रीतीने नमुना केला, आणि मग, दार लोटून, सुमनचा चिमटा घेऊन तसा दुसरा केला. दोन्ही वेळा काळजी घेतली, श्वाससुद्धा धरला. शुक्रवारी उदयसिंहाकडे थोडा हेलियम शिल्लक होता. दोन्ही नमुने खाली सोडताना अच्युतने सुमनच्या टेबलावरचा तो कापलेला तुकडाही उचलून बरोबर बांधला. का बांधला, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याचा पहिला नमुना: एक्केचाळीस. दुसरा, चिमट्यातला: एकोणतीस. दोन्ही नापास. चिमटा तोच, तारा त्याच, पण हात त्याचा होता.

मग त्याने तुकडा लावला. सुलटा. मीटर पुन्हा फुगला. या वेळी त्याने करंट उलटवला, पाच मिनिटं थांबला, वजाबाकी केली.

सहा.

कागदावरच्या त्या सहाकडे तो बघत राहिला. वेटोळं वाचवायचं तर ह्या शेडमध्ये एकाच माणसाचा हात होता, आणि तो हात त्याने स्वतः मोडून ठेवला होता. त्याने गप्प राहून सांधा केला असता तर एकोणतीस आला असता, वेटोळं गेलं असतं, आणि तार कमी होती म्हणून सगळ्यांनी त्याला माफही केलं असतं. हा रस्ता त्याला अगदी स्पष्ट दिसला. त्यावर तो बराच वेळ मनाने चालूनही आला. पण आठ महिने शेडमधल्या प्रत्येकाने त्या वेटोळ्याला हात लावला होता, आणि ते भंगारात टाकायला आपणच उचलून नेतो आहोत असं त्याला दिसत राहिलं. त्याने रजिस्टर उघडलं. तिन्ही आकडे लिहिले. मागचं पान काढून छत्तीसपुढे लिहिलं: उलटा करंट घेतलेला नाही. आणि रजिस्टर काखेत मारून तो जयसिंगरावांच्या खोलीत गेला.

जयसिंगरावांनी दोनदा वाचलं. “विसरलास?”

“नाही, सर.”

“मग?”

अच्युतने रजिस्टरमधल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. “तिचा सहा आला असता,” तो म्हणाला.

जयसिंगराव जुन्या शिलेदार घराण्यातले, आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “आजपासून मीटरला हात लावायचा नाही. रिपोर्ट वर जाईल, त्याचं जे व्हायचं ते होईल.” मग वळून म्हणाले, “मला सांगितलंस. ताईंना सांगितलंस का?”

“नाही.”

“जा. माझ्याकडून कळायला नको.”

सुमन आपल्या टेबलाशी तारा मोजत बसली होती. त्याने तिला शेडच्या मागे, हेलियमच्या रिकाम्या टाक्या ठेवत तिथे नेलं. दुपारचं ऊन होतं. त्याने सगळं सांगितलं, मधे न थांबता, जसं झालं तसं.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “मी घरी विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही घेतला म्हणालात.”

“हो.”

“चार दिवस मी माझे हात बघत होते, अहो. आईंना म्हटलं, मला कंपवात तर नाही ना होत? आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात.” ती एका रिकाम्या टाकीला टेकली. “तुमचा अठराचा सांधा बघून मला केवढा अभिमान वाटायचा. माझा सहा आला तर तुम्हाला एवढं वाईट का वाटावं?”

“वाटलं,” तो म्हणाला. “अजून वाटतं.”

तिने पदराने डोळे पुसले आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळी ती केंद्राच्या बसने घरी गेली. त्यानंतरही बसनेच जाऊ लागली. घरात ती द्वारकाबाईंशी बोले, कामापुरतं त्याच्याशीही बोले. पण शेडमधलं काही सांगायची नाही. पूर्वी चहाबरोबर तिची अर्धी बडबड तारांची आणि चिमट्यांचीच असायची. ती बंद झाली तेव्हा अच्युतला कळलं की आपण ती किती आवडीने ऐकत होतो.

सांधा तिनेच केला. आधी हात लावायला तयार नव्हती. जयसिंगरावांनी तिला कापलेल्या तुकड्याचा आकडा रजिस्टरमध्ये दाखवला, तरी तिने वीतभर तारेचे अकरा नमुने केले आणि तेव्हा कुठे वेटोळ्याला हात लावला. अच्युतला लांबून बघायची परवानगी होती. ती खाली वाकली, चिमटा लावला, आणि दहा मिनिटं तिची पाठ दगडासारखी स्थिर राहिली. त्या पाठीकडे बघताना त्याला जाणवलं, हे मला कधीच येणार नाही. प्रयत्न कमी पडला म्हणून नव्हे, येणारच नाही.

चाचणीच्या दिवशी मीटरवर जयसिंगराव स्वतः बसले. अच्युत मागे, दाराजवळ, भिंतीला टेकून उभा. सुलटा करंट झाला. उलटा झाला. जयसिंगराव कागदावर वजाबाकी करत होते आणि उदयसिंह त्यांच्या डोक्यावरून डोकावत होता.

“नऊ!” तो ओरडला. “वहिनी, नऊ आले! पास!”

शेडमध्ये एकच गलका झाला. आणि त्या गलक्यात अच्युतच्या मनात जो पहिला विचार आला तो असा: चला, सहा तर नाही आला. त्याच्यामागून शरम आली, इतकी की त्याला तिथे उभं राहवेना. पण पहिला आला तो तोच होता, आणि तो आपलाच होता, हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

रिपोर्ट वर गेला, अच्युतची दोन वर्षांची पगारवाढ थांबली, बदली मात्र टळली. त्याला वेटोळी गुंडाळायच्या कामावर घातलं. मे महिन्यात कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेने जयसिंगरावांना पत्र लिहिलं: तुमच्याकडे असे सांधे करणारं कोण आहे, त्यांना तीन महिने आमच्या मुलांना शिकवायला पाठवा. जयसिंगरावांनी सुमनचं नाव दिलं.

तिने घरी ते पत्र द्वारकाबाईंना वाचून दाखवलं. म्हातारी बावरली. “तीन महिने? एकटी? आणि घराचं?”

“घराचं मी बघतो, आई,” अच्युत म्हणाला. “तिने जायला पाहिजे.”

सुमनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. द्वारकाबाई देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या, तेव्हा तिने विचारलं, “हे मनापासून बोललात?”

त्याने विचार केला. हो म्हणणं सोपं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “पोटात जळतंय. मला कुणी बोलावलं नाही असं. पण तू जावंस असंही वाटतं. दोन्ही आहे.”

मग पत्राची घडी घालून तिने ते पाकिटात ठेवलं.

“बावीस तारखेची गाडी आहे,” ती म्हणाली. “सामान बरंच होईल. स्टेशनवर सोडायला या.”